आतारबाई आणि दुपारची बेल

नाटकाला गेल्यावर लोक आपली खुर्ची शोधतात. आतारबाई आधी दारं शोधायच्या. माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन त्यांना जेमतेम महिना झाला असेल, तेव्हा आम्ही दोघी पहिल्यांदा नाटकाला गेलो. मी आपली घडीची साडी नेसून, गजरा माळून. बाई सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. आत शिरल्यावर त्या बसल्याच नाहीत. भिंतीच्या कडेकडेने पार मागपर्यंत गेल्या, पडदा बाजूला केला, तिथल्या दाराला साखळी आणि कुलूप बघितलं आणि तरातरा परत आल्या. दुसरी घंटा होऊन गेली होती. तिकिटं तपासणाऱ्या माणसाला म्हणाल्या, "अहो, ते मागचं दार उघडा."

"ते बंदच असतं मॅडम. फुकटे शिरतात तिथून."

"शिरू द्यात. बाहेर पडता येत नसेल, तर आत शिरण्यात काय शहाणपण आहे?"

लोक चुकचुकायला लागले. मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "बाई, नाटक समोर आहे." बाई वळल्या आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, "आग लागली तर आपण समोर पळणार का?" शेवटी किल्ली सापडली, दार उघडलं, तिसरी घंटा उशिरा झाली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एवढं करून बाई पहिल्या अंकात चक्क झोपल्या. विचारलं तर म्हणाल्या, "दार उघडं आहे म्हटल्यावर मला फार छान झोप लागते."

त्यांचं नाव नसीम आतार. एका कॉलेजात समाजमानसशास्त्र शिकवण्यात उभी हयात गेली. विषय एकच, गर्दी. आग, पूर, चेंगराचेंगरी, काहीही संकट आलं की माणसं एकमेकांशी कशी वागतात, कुठल्या दाराकडे जातात, कोणासाठी थांबतात, हे त्या शोधत बसायच्या. मी शाळेत भूगोल शिकवलेला. मला गर्दी म्हणजे मधली सुट्टी एवढंच ठाऊक. त्यांच्या आजोबांचं रविवार पेठेत अत्तराचं दुकान होतं आणि नातीला मात्र वासाचं वावडं. मी गजरा माळला की बाईंच्या शिंका सुरू. "तीन पिढ्यांचा वास नाकात साठलाय," म्हणायच्या.

आमची सोसायटी सिंहगड रस्त्याच्या आतल्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत. जुनी, लिफ्ट नसलेली इमारत, मागे ओढा. बाई घर घ्यायला आल्या तेव्हाचे सेक्रेटरी त्यांना म्हणाले होते, "मला स्वतःला काही नाही हो, पण बाकीच्या लोकांचं..." बाई म्हणाल्या, "बरं. मी बाकीच्यांना एकेक करून भेटते." आणि खरोखर भेटल्या. प्रत्येकाने तेच सांगितलं, मला काही नाही, बाकीच्यांचं बघा. बाई परत सेक्रेटरींकडे गेल्या. "सगळ्यांना भेटून झालं. बाकीचे कुणी सापडले नाहीत." घर मिळालं.

त्या फटकळ होत्या असं कुणी म्हणेल. होत्याच. पण त्यांचा राग ठराविक गोष्टींवर निघायचा. ‘घाबरू नका’ हे शब्द ऐकले की त्यांचं डोकंच फिरायचं. टीव्हीवर कुणी साहेब तसं म्हणाले की त्या टीव्हीशी भांडायच्या. "काय झालंय ते सांगायचं नाही आणि वर घाबरू नका! अहो, घाबरलेला माणूस शहाण्यासारखा वागतो, पायाखाली बघून चालतो. अंधारात ठेवलेला माणूस वेड्यासारखा वागतो." वरच्यांना नेहमी वाटतं की खरं सांगितलं तर लोक सैरावैरा पळतील, म्हणून ते सांगायला उशीर करतात, आणि त्या उशिरानेच माणसं मरतात. हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी ते झोपेतही म्हणून दाखवीन.

एका गणपतीत मी त्यांच्याबरोबर पेठांमधले देखावे बघायला गेले. एका बोळाच्या तोंडाशी दोन्हीकडून माणसं आली आणि आम्ही मधे सापडलो. पाय जमिनीला लागेनात. माझा श्वास कोंडला, मी ओरडणार तेवढ्यात बाई कानाशी म्हणाल्या, "ओरडू नका, दम राखा. हात छातीशी घ्या." आणि मग शेजारी चिकटलेल्या आडव्या अंगाच्या माणसाला विचारतात, "आपलं नाव काय?"

तो चमकलाच. "आँ? जगताप."

"कुठले आपण?"

"धायरीचा."

"अहो, म्हणजे शेजारीच की! मी आतार, या काळेबाई. जगताप, तुमचा आवाज खणखणीत आहे. मागच्यांना सांगा, पुढे जागा नाही, थांबा म्हणावं. त्यांना दिसत नाहीये."

जगतापांनी मान मागे टाकली आणि अशी आरोळी ठोकली की मांडवाचा स्पीकर झक मारेल. "ओ, थांबा मागं! म्होरं जागा न्हाय! बायामाणसं हायत हितं!" मागच्या कुणीतरी ते उचललं, त्याच्या मागच्याने उचललं. ‘थांबा, थांबा’ होत होत आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. हळूहळू पाय टेकले. जगतापांनी आम्हाला चहाच्या टपरीपर्यंत आणून सोडलं, वर "जपून जा मावशी" म्हणाले.

मी मेल्यांनो, ढकलता काय, म्हणून लोकांना शिव्या घालत होते. बाई म्हणाल्या, "ढकलणारा कुणी नसतो काळेबाई. ज्याला तुम्ही ढकलणारा म्हणता, त्यालाही मागून रेटा असतो. त्याला पुढचं कळत नसतं, एवढंच." त्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी लहानपणची एक गोष्ट सांगितली. शहरात कुठूनतरी अफवा आली होती, हवा तापली होती. वडिलांनी दुकान बंद करून सगळ्यांना आत घेतलं. शेजारचे तांबटकाका दुकानाच्या पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले, ते दिवसभर उठले नाहीत. दुपारी पंधरावीस पोरं घोषणा देत आली, पायरीवर ओळखीचा माणूस बघून घुटमळली, "काका, तुम्ही इथे?" म्हणाली आणि निघून गेली. "मी जन्मभर त्या पोरांचा अभ्यास केला," बाई म्हणाल्या. "पायरीवर बसलेल्या माणसाचा करायला हवा होता. आपल्याकडे असे पुष्कळ असतात. संकटात माणूस जनावर होतो म्हणतात ना, साफ खोटं आहे. माणूस संकटातही शेजाऱ्यासारखाच वागतो."

ही त्यांची श्रद्धाच म्हणा. मला पटायचं. पुढे जे झालं ते आमच्या इमारतीत झालं नसतं, तर आजही मी ते डोळे मिटून मान्य केलं असतं.

आमच्याकडे खाली सगळं पार्किंग, आणि मागच्या बाजूला, ओढ्याकडे तोंड केलेला एकच फ्लॅट. तिथे आपटेकाका आणि काकू राहायचे. मुलगा परदेशात. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सरळमार्गी, हिशेबी. पण दुपारच्या झोपेच्या बाबतीत दुर्वासमुनी. त्यालाही कारण होतं. काकूंचे पाय रात्रभर ठणकायचे, दुपारी जेवण झाल्यावर काय तो त्यांचा डोळा लागायचा. ती झोप काका राखायचे. कुरिअरवाला असो, वर्गणीवाला असो, दुपारी बेल वाजवली की त्याची खैर नाही. पुण्यात दुपारी कुणाच्या दाराशी जाऊ नये हे बाहेरच्यांना विनोद म्हणून माहीत असतं. आमच्या इमारतीत तो कायदा होता.

पहिल्या मजल्यावर वानखेडे म्हणून अमरावतीकडचं जोडपं राहायचं. निखिल कॉम्प्युटर कंपनीत, बायको घरून काम करणारी. नवीन असताना त्या मुलीने बिचारीने चुकून घेतलेलं काकांचं पार्सल द्यायला दुपारी तीनला बेल वाजवली. काका अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असे गरजले, "माणसं आहात का कोण? पुन्हा या वेळी हात लावलात बेलेला तर याद राखा!" पोरगी रडत वर गेली. काकूंनी संध्याकाळी स्वतः जिना चढून तिला लाडू नेऊन दिले, पण धास्ती बसली ती बसली.

त्या पावसाळ्यात धरणं भरली होती, पाणी सोडणार सोडणार चाललं होतं. आम्ही दोघी त्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला होतो. बाईंच्या लेकीने तिकडे नवीन घर घेतलं होतं, जेवायला बोलावलं होतं. आपटेकाका काकूंचे रिपोर्ट आणायला सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात गेले होते. जेवताना बाईंचा फोन टिंगटिंग वाजायला लागला. सोसायटीचा ग्रुप. कुणीतरी बाल्कनीतून ओढ्याचा व्हिडिओ टाकला होता. मग, ‘गाड्या काढा रे पटापट.’ मग, ‘घाबरू नका, थोडंच आहे.’ बाईंनी उष्ट्या हाताने टाइप केलं, ‘आपटेकाकूंना कोणी उठवलं का?’ एक अंगठा आला. मग, ‘उठवलं असेल कोणीतरी.’

"कोणीतरी म्हणजे कोण?" बाई ताटावरून उठल्या. काकूंना फोन लावला, तो वाजत राहिला. झोपताना त्या फोन स्वयंपाकघरात ठेवायच्या. मग निखिलला लावला.

"मी खालीच आहे मॅडम, गाडी काढून राहिलो."

"आपटेकाकू घरात एकट्या आहेत. बेल वाजवा."

"आता? काकांनी नेलं असंल ना त्यांना..."

"निखिल, बेल वाजवा! दार ठोठावा!"

नंतर कळलं, तो दारापाशी पोचेपर्यंत पाणी भराभर चढून मागच्या खोलीत खिडकीपर्यंत आलं होतं. दार पाण्याने रुतलेलं. निखिलने आणि आणखी दोघा-तिघांनी छातीभर पाण्यात उभं राहून ते फोडलं. काकू पलंगावर उभ्या होत्या, भिंतीला धरून. जिवंत होत्या. निखिलला म्हणाल्या, "अरे, तुम्ही सगळे भिजलात." दवाखान्यात नेलं, पण त्यांचं काळीज आधीच थकलेलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

तेराव्यानंतर काका जिन्यात उभे राहिले. आम्ही सगळे होतो. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सगळे जागे होतात," ते म्हणाले. "सगळे खाली होतात. तुम्हाला गाड्या दिसल्या. ती नाही दिसली?" कुणी वर बघेना. "एक बेल वाजवायची होती हो." मग म्हणाले, "मी इथेच राहणार. पुढच्या वेळी पाणी आलं तर दार उघडणार नाही. तुमच्या हातून मला वाचायचं नाही. सांगून ठेवतो." आत गेले आणि कडी लावली.

काहींना वॉचमनला काढून टाकायचं होतं, काहींना महापालिकेला शिव्या द्यायच्या होत्या. आतारबाई दुसऱ्याच उद्योगाला लागल्या. मला बरोबर घेऊन त्या एकेका घरी गेल्या. लिहून काही घेतलं नाही, कुणाला दोष दिला नाही. फक्त विचारायच्या, "पाणी बघितल्यावर काय वाटलं? मग काय केलंत?" माणसं आधी इकडचं तिकडचं सांगायची.  मग प्रत्येक घरात, अगदी प्रत्येक घरात, तेच उत्तर यायचं. जायचं मनात आलं होतं. पण दुपार होती. काकू झोपल्या असतील. काका रागावतील. पाणी काही एवढं नाही, असं वाटलं. कोणीतरी सांगेलच. चौथ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई तर जिना उतरून बेलेपाशी जाऊन परत आल्या होत्या. निखिलची बायको नुसती हुंदके देत होती.

वर आल्यावर बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "बघितलंत?" त्या म्हणाल्या. "कुणी वाईट वागलं नाही. सगळे शेजाऱ्यासारखे वागले. रोज जसे वागतात तस्सेच." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "मग सांगून टाका ना काकांना. सगळे फुकट शिव्या खातायत. तुम्हीच दुपारी बेल वाजवू देत नव्हतात म्हणावं."

"आणि मग त्या माणसाचं काय उरेल?" बाई माझ्यावर उसळल्या. "बायकोची झोप राखली, त्यापायी ती गेली, हे कळल्यावर तो एक दिवस तरी जगेल का?"

"म्हणजे लोक वाईट आहेत असंच त्यांना वाटू द्यायचं? तुम्ही म्हणताय हे?"

"हो, मीच म्हणतेय. लोकांवर चिडून का होईना, जगू दे." आणि त्यांनी सगळ्या इमारतीला बजावलं, हे काकांपाशी कुणी बोलायचं नाही. लोकांनी शब्द पाळला. काकांची बोलणी खाल्ली, भरलेला डबा दारातून परत नेला, पण कुणी बोललं नाही.

काकांची धमकी मात्र बाईंनी खरी मानली. "हा माणूस खरंच उघडायचा नाही," त्या म्हणाल्या. पुढचा पावसाळा यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. त्यांनी जे सुचवलं ते ऐकून मला वाटलं, बाईंना भ्रमच झाला. रोज भर दुपारी एकेका घरातल्या माणसाने खाली जाऊन काकांची बेल वाजवायची. काम काही नाही. नुसती वाजवायची, नाव सांगायचं आणि वर यायचं.

"अहो, ते मारतील," मी म्हटलं.

"मारू देत. आपल्या हातांना सवयच नाहीये ना, तीच लावायची आहे. रोज उठलेला हात त्या दिवशी उठेल. आणि त्यांच्या कानालाही कळू दे, की या वेळी कुणी येऊ शकतं."

पहिले दिवस भयंकर गेले. काका आतून खेकसायचे, "काय काम आहे?" "काही नाही काका, बेल वाजवायची होती." मग त्यांनी बेलेची वायरच काढून टाकली. बाईंनी सांगितलं, दार वाजवा. माझी पाळी आली की माझी स्वतःची झोप मोडायची, मी बाईंच्या नावाने बोटं मोडत खाली जायचे. हळूहळू आतला आवाज बदलला. "आज कोण?" "काळे." "बरं." एवढंच. दार उघडायचं नाही. फक्त निखिलची पाळी असली की आतून ‘बरं’सुद्धा यायचं नाही. तो बिचारा बंद दारापुढे उभा राहून नाव सांगायचा आणि परत यायचा. एकदा तो बाईंना म्हणाला, "मॅडम, माझं नाव काढून टाका ना यातून." बाई म्हणाल्या, "सगळ्यांची चुकली तरी चालेल, तुमची पाळी चुकायची नाही."

त्या वर्षात बाई थकल्या. छातीचं दुखणं निघालं, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर बसायच्या. लेक मांजरीला चला म्हणून मागे लागली होती. बाई म्हणायच्या, "पावसाळा होऊ दे."

पावसाळा आला. पुन्हा तसाच आठवडाभर झोडपत राहिला. दुपारचीच वेळ. गल्लीत गाडी फिरायला लागली, भोंग्यावर माणूस म्हणत होता, नागरिकांनी घाबरून जाऊ नये. बाई बाल्कनीत आल्या आणि सगळं अवसान गोळा करून ओरडल्या, "किती पाणी सोडलंय ते सांगा! कधी पोचेल ते सांगा!" गाडी पुढे निघून गेली. ओढा बघता बघता फुगला, वीज गेली. जिन्यात पावलं वाजायला लागली. या वेळी गाड्यांकडे कुणी गेलं नाही. मी बाईंना धरून खाली आणत होते, पण पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर त्या बसल्याच. तिथून काकांचं दार दिसत होतं. निखिल आमच्या आधी पोचला होता. कंपाउंडमधून पाणी आत यायला लागलं होतं. तो मुठीने दार वाजवत होता.

"कोण?"

"वानखेडे, काका. पाणी येऊन राहिलं. उघडा."

दार तसंच राहिलं.

"काका, ओढा भरला. जास्त वेळ नाही."

"गेल्या वर्षी कुठे होतात?"

"इथेच होतो."

"मग बेल का नाही वाजवलीत?"

निखिलने वर बघितलं. आमच्याकडे नाही, बाईंकडे. वर्षभर सगळ्यांनी ज्या शब्दाला जपलं, तो शब्द बाईंचा होता. पाणी त्याच्या घोट्याला लागलं होतं.  कठडा धरलेली बाईंची बोटं पांढरी पडली होती. त्या आयुष्यभर लोकांना ‘काय झालंय ते सांगा’ म्हणत आल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "सांगा, निखिल. खरं असेल ते सांगा."

निखिलने दाराला कपाळ टेकलं. "तुम्ही रागवाल म्हणून, काका. हिला बोलले होते ना तुम्ही. मी हात नेला होता बेलेवर. खरंच नेला होता. मग म्हटलं, काकू झोपल्या असतील, तुम्ही रागवाल. म्हणून गाडी काढायला गेलो."

 मला वाटलं, संपलं. आता हा माणूस दार उघडणार नाही, आणि ते आमच्यामुळे. तेवढ्यात कडी निघाली. काका चौकटीला धरून उभे होते. त्यांचा चेहरा रडून सुजला होता, म्हणजे ते आताच रडले नव्हते.

"मला ठाऊक होतं," ते निखिलला म्हणाले. "पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कुणीतरी तोंडावर म्हणेल म्हणून वर्षभर दाराआड बसून राहिलो. तुम्ही आपले नाव सांगता आणि जाता." निखिलने त्यांना कवेत घेतलं आणि अक्षरशः उचलून पायऱ्या चढायला लागला. मागून दोघांनी पाय धरले. आमच्या शेजारून ते वर गेले.

बाई तिथेच बसून होत्या. "मी त्यांना अंधारात ठेवलं, काळेबाई," त्या म्हणाल्या. "खरं सांगितलं तर कोसळतील म्हणून. जन्मभर ज्यांच्याशी भांडले, अगदी त्यांच्यासारखंच वागले मी."  मी पदराने त्यांचा चेहरा पुसला.

बाई त्या थंडीत मांजरीला लेकीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मी तिथे जाऊन त्यांना बघितलं नाही, माझ्याने झालंच नसतं. माझ्या डोळ्यांपुढे त्या कायमच्या राहिल्या, त्या पाणी आलं त्याच दिवशीच्या, वानखेड्यांच्या घरातल्या. खाली काकांच्या घरात पाणी भरत होतं. काकांना कोरडे कपडे देऊन सोफ्यावर बसवलं होतं, निखिलची बायको गॅसवर चहा ठेवत होती. बाई भिंतीला धरत धरत आत आल्या आणि काकांच्या शेजारी बसल्या.

"आपटे, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "हे सगळे केव्हाच बोलले असते. मीच सगळ्यांची तोंडं बंद केली."

काकांनी चहाचा कप हातात धरला होता, पीत नव्हते. "तुम्हाला काय वाटलं? मी कोसळेन?"

"हो."

"कोसळलोच असतो," काका म्हणाले. "पण तुम्ही सगळे होतात की इथे."

 आतारबाई कुणाला कधी हात लावणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी आपला हात काकांच्या हातावर ठेवला. काकांनी तो तसाच राहू दिला, आणि दोघं म्हातारी माणसं खिडकीबाहेर चढणारं पाणी बघत बसली.